गोठ्यातील नत्र शेतापर्यंत कसे पोहोचवावे

दुभत्या गाईने वैरण आणि खुराकातून घेतलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण 20 ते 30 टक्केच दुधात उतरते. बाकीचे बहुतांश शेण-मूत्रावाटे बाहेर पडते. एवढे नत्र हाताशी असूनही चारापिकासाठी युरियाची पोती आणावी लागत असतील, तर ते गोठा आणि शेत यांच्यामध्ये कुठेतरी वाया जात आहे, हे नक्की समजावे.

खुराक दुधाच्या प्रमाणात बेतावा. गरजेपेक्षा जास्त पेंड घातल्याने दूध वाढत नाही, ते जादा नत्र मूत्रातून निघून जाते.

मूत्रातील युरियाला शेणातील युरिएज हे विकर भेटले की काही तासांतच अमोनिया उडू लागतो. म्हणून गोठ्याला उतार देऊन मूत्र झाकलेल्या टाकीत उतरवावे. ते जमत नसल्यास काडाची कुट्टी जाड अंथरून त्यात मुरवावे. पालाशाचा (पोटॅशचा) मोठा वाटाही मूत्रातच असतो, त्यामुळे मूत्र नाल्यात सोडून केवळ शेण जपणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते.

सर्वांत अवघड काम खताच्या ढिगाचे आहे, आणि मलाही ते साधायला बराच काळ लागला. शेणाचा नुसता उकिरडा म्हणजे खत नव्हे. कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण 25 ते 30 ला 1 असे राहील इतका काडीकचरा शेणात मिसळावा. ओलावा 50 ते 60 टक्के हवा. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. ढीग नीट तापू लागला की आतील तापमान 55 ते 65 अंशांवर जाते. आत खोचून ठेवलेली लोखंडी सळई थोड्या वेळाने उपसल्यावर हाताला चटका बसला पाहिजे. ती कोमट लागली आणि कुजका वास आला, तर ओल जास्त झाली आहे. ढीग मोकळा करून कोरडे काड घालावे. नाकाला झोंबणारा वास आला, तर कर्ब कमी पडला आहे, तेव्हाही काडच वाढवावे. ढिगात राख किंवा चुना टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात मानू नये. दोन्ही अल्कधर्मी असल्याने नत्र अमोनिया होऊन उडून जाते. ढीग पावसात उघडा ठेवणेही तितकेच घातक आहे, कारण त्यातून झिरपणारे तपकिरी पाणी विरघळलेले नत्र आणि पालाश घेऊन जाते. वर ताडपत्री घालावी, खालची जमीन पक्की असावी आणि झिरपलेले पाणी टाकीत वळवावे.

शेतात नेलेले खत किंवा पसरलेली स्लरी, म्हणजे शेण-मूत्राचा पातळ काला, त्याच दिवशी मातीत मिसळावी. स्लरीतून अमोनिया उडण्याचा वेग पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो, म्हणून ती शक्यतो सायंकाळी किंवा ढगाळ हवामानात द्यावी.

शेवटी हिशेब. एका लिटर दुधातून साधारण 5 ग्रॅम नत्र आणि 1 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) शेताबाहेर जाते. पेंड आणि खतांतून आत येणारे आकडे त्यासमोर मांडावेत. गोठ्याजवळच्या शेतांत खत वारंवार पडत असल्याने तिथे स्फुरद साचत जाते. माती परीक्षणात ते जास्त आढळल्यास पुढची खेप लांबच्या शेतात न्यावी.