पिकअप घेताना गाडी टकटकते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून टकटक सुरू झाली, की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं: "इंजिनचं काम निघालं." मग गाडी वागळे इस्टेटच्या गॅरेजात जाते. मेकॅनिक उभ्या गाडीला रेस देतो, आवाज काही येत नाही, आणि अंदाजाने आधी स्पार्क प्लग, मग माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी आधार), मग आणखी काही बदलणं सुरू होतं. खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारी चूक ती हीच.

आवाज कधी येतो, हे न पाहणं

गाडी न्यूट्रलला ठेवून हळूहळू रेस वाढवा. आवाज येतच असेल तर इंजिन किंवा सायलेन्सरची बाजू बघायची. पातळ पत्र्याची झिणझिण असेल तर सायलेन्सरवरचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) सुटलेलं असू शकतं. एक क्लॅम्प लावला की संपलं.

उभ्या गाडीत शांतता आणि चालताना भार पडला की आवाज, असं असेल तर रस्त्यावरच तपासावं लागेल. यू-टर्नला स्टिअरिंग पूर्ण वळवून पिकअप दिल्यावर कट-कट-कट वाजतं? बहुधा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनची ताकद पोचवणारा एक्सलचा सांधा. चाकामागे वाकून बघा, त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. नुसता बूट वेळेत बदलला तर थोडक्यात भागतं; तसाच पावसाळाभर फिरवला की आत पाणी-चिखल जाऊन जॉइंट बाद होतो. पाय दाबताना आणि सोडताना एकेकदाच 'धप्प' होत असेल, तर संशय इंजिन माउंटिंगवर किंवा लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशवर.

आणि हो, आधी डिकी उघडा. सुटा जॅक, नीट न आवळलेली स्टेपनी किंवा सीएनजी सिलिंडरच्या ब्रॅकेटचा ढिला बोल्ट, यांचाही ठोका पिकअप घेतानाच ऐकू येतो. सिलिंडरचा बोल्ट मात्र स्वतः आवळत बसू नका, किट बसवणाऱ्याकडेच जा.

चढावर वरचा गिअर रेटणं

ॲव्हरेज पडेल म्हणून चौथ्या गिअरमध्ये ताशी ३०ने चढ चढायचा, ही आपल्याकडची लाडकी सवय. बरणीत छर्रे हलवावेत तसा बारीक खुळखुळाट येतो तो इथे. प्लगची ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण एका बाजूने जळत पुढे सरकायला हवं. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर गेली की उरलेलं मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. यालाच डिटोनेशन म्हणतात. गिअर खाली घ्या. आवाज थांबला आणि एरवी कधीच येत नसेल, तर गॅरेजची गरज नाही.

खालच्या गिअरमध्येही खुळखुळत असेल तर कूलंट, साचलेला कार्बन, चुकीच्या हीट रेंजचे (म्हणजे उष्णता हवी तितक्या वेगाने बाहेर न टाकणारे) प्लग आणि हा खुळखुळाट ओळखणारा नॉक सेन्सर तपासून घ्या. सीएनजीवाल्यांना एक फुकटची चाचणी उपलब्ध आहे: त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चालवा. सीएनजीवर पेट्रोलइतक्या सहज डिटोनेशन होत नाही. त्यामुळे आवाज फक्त पेट्रोलवर येत असेल तर डिटोनेशनचा संशय पक्का होतो. दोन्हीवर सारखाच असेल तर माउंटिंग-एक्सलकडे वळा.

महागडं पेट्रोल हाच उपाय समजणं

मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन (पेट्रोल डिटोनेशनला किती रोखतं, त्याचा आकडा) चालेल असं लिहिलं असेल, तर ९५ भरून आवाज कदाचित दबेल, पण कार्बन किंवा तापणारं इंजिन तसंच राहील. ९५ च लागेल असं लिहिलं असेल तर मात्र तिथे काटकसर नको.

जड ठोक्यावर जाड ऑइल ओतणं

खोल, दणकट 'ठक-ठक' रेसबरोबर वाढत असेल आणि जोडीला ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. हा कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा ठोका असू शकतो. जाड ऑइलने आवाज दबतो, झिजलेलं बेअरिंग काही भरून येत नाही. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा, पण लेव्हल ठीक दिसली तरी गाडी टो करूनच न्या. जुनी गाडी विकण्याआधी हा ऑइलचा उपाय करणारेही असतात, घेणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत.

पावसाळ्यात ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे रॉड वाकू शकतो. नंतर गाडी सुरू झाली तरी ठोका मागे लागू शकतो. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन जोडलंय का, तेही आताच बघून ठेवा.

चावी देऊन निघून येणं

"आवाज येतो, बघा जरा" एवढं सांगून गाडी सोडू नका. कोणता गिअर, किती स्पीड, गार इंजिन की तापलेलं, एसी चालू की बंद, हे कागदावर लिहून द्या. मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर घेऊन जा. नवी मुंबईकरांना बेलापूरची पारसिक हिल आहेच. पार्ट बदललाच, तर जुना दाखवायला सांगा आणि बिल देण्याआधी त्याच चढावरून पुन्हा एक फेरी मारा.