पातळ बॉडीची नायलॉन गिटार: तारेपासून ॲम्पपर्यंत या चुका टाळा

पातळ बॉडीच्या इलेक्ट्रो-ॲकूस्टिक (ॲम्पला जोडून वाजवता येणाऱ्या) नायलॉन गिटारबद्दल कुठलीही तक्रार असो, शेवटी खापर पिकअपवरच, म्हणजे कंपनांचा विद्युत संकेत करणाऱ्या भागावरच फुटतं. एखादी तार दबकी येते, आवाज प्लास्टिकसारखा लागतो, जोरात वाजवलं की फाटतो, आणि निदान ठरलेलंच: पिकअप बदला. पण पिकअप स्वतः क्वचितच बिघडतो. दोष बहुधा त्याच्या अलीकडे असतो, म्हणजे तारेत, गाठीत किंवा सॅडलमध्ये (ब्रिजमध्ये, म्हणजे फळीवर तारा बांधतात त्या ठोकळ्यात, बसवलेला तारा टेकण्याचा आडवा तुकडा). नाहीतर पलीकडे, म्हणजे बॅटरी, जॅक, केबल किंवा ॲम्पमध्ये. त्यामुळे शोधही त्याच क्रमाने घ्यावा, ज्या वाटेने आवाज जातो.

आधी या वाद्याची रचना लक्षात घ्या. क्लासिकल गिटारची बॉडी साधारण ९५ ते १०० मिमी खोल असते. पातळ बॉडीची बहुतेक ५० ते ८० मिमीच्या आसपास. नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या तुकड्याची) रुंदीही ५२ मिमीऐवजी बऱ्याचदा ४८ मिमी ठेवतात. आत हवा कमी, म्हणून प्लग न लावता आवाज लहान आणि खर्ज हलका. ही उणीव पिकअपने भरून काढायची असते. नायलॉन चुंबकाला दाद देत नाही आणि खर्जाच्या तारांवर गुंडाळलेली चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तारही देत नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप इथे निरुपयोगी. त्याऐवजी सॅडलच्या खाली पिएझोची (दाबाचा विद्युत संकेत करणाऱ्या पदार्थाची) पट्टी असते, आणि सॅडल तिच्यावर जो दाब देतो त्याचाच आवाज होतो. हे एकदा समजलं की निम्म्या तक्रारींचं मूळ आपोआप दिसतं.

तारा निवडताना आणि चढवताना

स्टीलच्या तारा चढवू नका, थोड्या वेळापुरत्याही नाही. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो. १२-५३ च्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टीलच्या संचाचा ७० किलोच्या वर जातो. नायलॉन गिटारची वरची फळी आणि तिच्याखालच्या पट्ट्या हा भार पेलण्यासाठी बनवलेल्याच नसतात. आधी ब्रिजमागे फळी फुगते, मग ब्रिजची मागची कड सुटू लागते. तिथे कागदाचं टोक आत सरकलं तर वाजवणं थांबवा, तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे द्या.

दुसरी चूक ब्रिजवरच्या गाठीची. पहिली तार गुळगुळीत आणि बारीक असते. गाठ नीट नसेल तर ती ताणाखाली सुटते आणि तिचं टोक चाबकासारखं फळीवर बसून खड्डा पाडतं. तार सॅडलकडून ब्रिजच्या भोकात घाला, मागे ८ ते १० सेंमी टोक ठेवा. ते टोक ब्रिजच्या ठोकळ्यावरून पुढे आणा, तारेखालून घ्या आणि मागे वळवून स्वतःच्याच वेटोळ्याखाली खोचा. चौथी, पाचवी, सहावी या तारांना एक वेढा पुरतो. पहिल्या तिघींना दोन किंवा तीन द्या. खरी खुबी शेवटच्या खोचेत आहे. ती ठोकळ्याच्या मागच्या कडेच्या खाली बसली पाहिजे, माथ्यावर नाही. माथ्यावर राहिली तर ताण तिला दाबून धरत नाही आणि तार हळूहळू सरकते. उरलेलं टोक कापून टाका. ते फळीला टेकलं तर एखाद्याच सुरावर झणझण येते आणि लोक फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तपासत बसतात.

नवी नायलॉनची तार तीन-चार दिवस ताणतच राहते. कार्यक्रमाच्या दिवशी संच बदलला तर गाण्यागणिक सूर उतरणार. तारा निदान चार दिवस आधी चढवा, बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढून पुन्हा सुरात आणा, आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेला असेल तर आधी खाली उतरवा, मग चढवा. नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढील पहिल्याच आघाताला सूर पाडते.

तिसरी तार बोदी वाटते ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती जाड आणि साधी असते, त्यामुळे तिच्यात तेज कमी. तेवढी एक कार्बनची वापरून पाहा. ती बारीक आणि घट्ट असते. खर्जाच्या तारा आधी मरतात, विशेषतः चौथी. फ्रेटवर घासून तिच्या वेटोळ्याला खाचा पडतात. बोट फिरवून खाच लागली की बदला.

सॅडल: सगळ्यात जास्त चुका इथेच

पहिली चूक सगळ्या तारा एकदम काढण्याची. ताण गेला की सॅडल सैल होऊन पडतं आणि घाईत उलटं बसवलं जातं. त्याची खर्जाकडची बाजू थोडी उंच असते. उलटं बसलं की पहिल्या तारेची ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) वर जाते आणि सहावी खडखडते. तारा एकेक करून बदला. सगळ्या काढायच्याच असतील तर आधी सॅडलच्या एका टोकाला पेन्सिलने खूण करा.

दुसरी चूक ॲक्शन कमी करताना. बाराव्या फ्रेटवर तार ०.५ मिमी खाली आणायची तर सॅडल १ मिमी उतरवावं लागतं, म्हणजे बरोबर दुप्पट. हे खालून घासायचं असतं. हातात धरून कानस फिरवली की खालचा पृष्ठभाग मधे फुगीर किंवा कडांना गोल होतो. असं सॅडल पट्टीला सर्वत्र सारखं टेकत नाही, आणि मग दोन तारा मोठ्या, दोन दबक्या येतात. रीत अशी: सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, सॅडलच्या बुडाला पेन्सिलने आडव्या रेघा मारा, सॅडल उभं धरून एकाच दिशेने घासा. जिथे रेघा शिल्लक राहतात तिथे खळगा आहे. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाऊ लागल्या की ४०० नंबरवर चार-पाच फेऱ्या मारून थांबा. शेवटी स्टीलची पट्टी बुडाला लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर काम अपुरं आहे.

किती उतरवायचं? बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेखाली २.५ मिमी आणि सहाव्या तारेखाली ३ मिमी ही चांगली सुरुवात. नायलॉनची तार स्टीलपेक्षा रुंद झोके घेते, म्हणून इलेक्ट्रिक गिटारसारखी ॲक्शन हिला मिळत नाही. हट्ट केला तर खडखडाट होतो. शिवाय सॅडल फार खाली गेलं की तार त्यावरून मागे उतरतानाचा कोन जवळजवळ उरत नाही, दाब घटतो आणि पिएझोचा आवाज दुबळा पडतो. सॅडलचा माथाही सपाट ठेवू नका. तार एकाच बारीक कडेवरून सुटली पाहिजे. तंबोऱ्याला जवारी हवी असते, गिटारच्या सॅडलला नको.

खाचेतलं बसणं तितकंच महत्त्वाचं. सॅडल बोटांनी आत सरकलं पाहिजे आणि बोटांनीच बाहेर आलं पाहिजे. फार घट्ट असेल तर ते खाचेच्या भिंतींना अडकतं आणि तारांचा ताण पट्टीपर्यंत पोहोचत नाही. सैल असेल तर ताणाने पुढे कलतं आणि एकाच कडेवर टेकतं. डिंक किंवा सुपरग्लू तिथे मुळीच नको.

एखादीच तार दबकी असेल तर ॲम्प हळू ठेवून पेन्सिलच्या बोथट टोकाने सॅडलवर प्रत्येक तारेच्या जागी सारख्या जोराने टकटक करा. त्याच जागी टकटकही दबकी आली तर दोष सॅडलच्या खाली आहे: धुळीचा कण, लाकडाचा चुरा, वाकडं बूड किंवा खाचेच्या टोकाला वायर आत उतरते तिथे उचललेली पट्टी. टकटक सगळीकडे सारखी आली तर तारच मेलेली आहे. कागदाचे तुकडे खाली सारायचा उपाय बरेचजण करतात. कागद मऊ असतो, कंपनं खातो आणि दाब पुन्हा असमान करतो. खाच मऊ ब्रशने साफ करा आणि बूड सपाट करा, बहुतेकदा एवढंच लागतं.

नेक

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा दांडा, नेकचा बाक सुधारतो. ॲक्शन कमी करणं हे त्याचं काम नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट पाहा. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर मापाच्या ॲलन कीने एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा तपासा. किल्ली अडली तर जोर लावू नका. काही नायलॉन गिटारना ट्रस रॉड नसतोच. तिथे सॅडल हाच उपाय.

बॅटरी, जॅक, केबल

हळू वाजवताना स्वच्छ आणि जोरात वाजवलं की खरखर, हे बॅटरी उतरल्याचं लक्षण. ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर ८ च्या खाली दिसली की बदला, आणि अल्कलाइनच घ्या. बऱ्याच गिटारींत प्रीअँपचा (पिकअपचा संकेत वाढवणाऱ्या सर्किटचा) स्विच जॅकमध्येच असतो. केबल घातली की तो सुरू होतो, काढेपर्यंत बॅटरी खातो. रात्रभर केबल राहिली आणि सकाळी आवाज नाही, यात गूढ काही नाही. महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. गळली तर कप्प्यातले संपर्क कुजतात.

स्टिरिओ केबल घातली तर हाच स्विच कधीकधी सुरूच होत नाही, कारण साध्या मोनो प्लगची लांब बाही जॅकमधले दोन संपर्क जोडते आणि स्टिरिओ प्लगमध्ये ते वेगळे राहतात. गिटार नवी, बॅटरी नवी आणि तरी शांतता, तर आधी मोनो केबल लावून पाहा.

जॅकचा नट ढिला झाला की लोक बाहेरून पान्याने आवळत राहतात. आत जॅकही फिरतो, वायर पिळली जाते आणि तुटते. जॅक आतून धरा किंवा त्याच्या भोकात योग्य जाडीची सळई अडकवून स्थिर ठेवा, मगच नट आवळा. झणझणीचा माग काढतानाही जॅकचा नट, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण, खुंट्यांचे स्क्रू आणि बॉडीच्या आत लोंबणारी वायर आधी दाबून पाहा.

ज्या गिटारमध्ये पिएझो आहे पण प्रीअँप नाही, ती मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जोडू नका. पिएझोला १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट इम्पिडन्स (इनपुटचा विद्युत रोध) लागतो. त्यापेक्षा फार कमी मिळाला की खर्ज गळून जातो आणि उरतो कुरकुरीत वरचा आवाज. मधे प्रीअँप किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (संकेत मिक्सरला जुळेल असा करणारी डबी) लावा.

ॲम्प आणि फीडबॅक

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प मधल्या पट्ट्यांतला आवाज (ना खर्ज, ना तीव्र) पुढे काढतो आणि त्याचा स्पीकर वरचा बारकावा देत नाही. नायलॉनचा गोडवा तिथेच हरवतो. ॲकूस्टिक ॲम्प, कीबोर्ड ॲम्प किंवा पीए (सभागृहाची ध्वनियंत्रणा) वापरा. इक्वलायझर आधी मधोमध ठेवा. पिएझोचा ‘क्वॅक’, म्हणजे तो प्लास्टिकसारखा टोचरा आवाज, बहुधा १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथे २ ते ४ डेसिबल कमी केलं की नखाचा आघात मवाळ होतो. खर्ज कमी वाटतो म्हणून बेस भरपूर वाढवणं ही मोठी चूक, कारण स्टेजवर घूं करत उठणारा फीडबॅक (ॲम्पचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणारा घोष) १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातच जास्त असतो.

पातळ बॉडी फीडबॅकला जास्त तग धरते, पण वरची फळी कंप पावतेच. घूं सुरू झालं की ब्रिजमागे फळीवर तळवा टेकवा. आवाज थांबला तर कारण फळीचं कंपन आहे. ॲम्प पाठीमागून थेट गिटारकडे रोखलेला असेल तर बाजूला घ्या, फेजचं (संकेत उलटा करणारं) बटण बदलून पाहा, मग नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा) हळूहळू फिरवून घूं विरेल तिथे थांबवा. शेवटी व्हॉल्यूम. बरेचजण व्हॉल्यूम आधी पाडतात आणि मग आवाज पोहोचत नाही म्हणून जोरात वाजवू लागतात.

हवा आणि हात

घन लाकडाच्या फळीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली हवा फार कोरडी राहिली तर फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. हा पहिला इशारा, चीर त्यानंतर येते. फार दमट हवेत फळी फुगते आणि ॲक्शन वर जाते. अशा वेळी सॅडल घासू नका. हवा सुधारली की ॲक्शन खाली येईल आणि घासलेलं सॅडल कमी पडेल. उन्हात उभ्या मोटारीत गिटार कधीच ठेवू नका, आत ब्रिजचा गोंद मऊ पडतो. स्टेजवर पोहोचल्यावर गिटार केसबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग सूर लावा. नायलॉन दिव्यांच्या उष्णतेने चटकन हलतं.

कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीच्या घडणीचा घ्या. सपाट बोर्डावर गोलाईचा कॅपो मधल्या किंवा कडेच्या तारा नीट दाबत नाही.

आणि रियाजाची एक सवय. प्लग न लावता या गिटारचा आवाज लहान येतो, म्हणून हात नकळत जोर लावायला शिकतो. मग स्टेजवर तोच जोर पिएझोत शिरतो आणि प्रत्येक सूर टाचणीसारखा टोचतो. आठवड्यातले निदान दोन रियाज ॲम्प लावून, कमी आवाजात करा. नखाची कड ५०० नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरवर गुळगुळीत करा. आधी बोटाचं मांस, लगेच नख, अशी तार सुटू द्या, आणि हात सॅडलपासून दोन-तीन बोटं पुढे न्या. इक्वलायझरने जे साधत नव्हतं त्यातलं पुष्कळसं इथेच साधतं.