घोटा गप्प, अंगठा बोलका: एचआयव्हीतला मज्जारज्जूचा आजार

पाय जड, चालताना तोल जातो, लघवी आवरत नाही. एचआयव्ही असलेला रुग्ण हे सांगत आला की पहिल्याच दिवशी केसपेपरवर ‘व्हॅक्युओलर मायलोपॅथी’ (एचआयव्हीत मज्जारज्जूत सूक्ष्म पोकळ्या पडण्याचा आजार) लिहू नका. ते निदान बाकी सगळं खोडल्यावर उरतं. क्षय, सिफिलिस, लिम्फोमा (लसिका-पेशींचा कर्करोग), झोस्टर (नागीण), बी-१२ची कमतरता या सगळ्यांवर नेमका उपचार आहे. तो हुकला तर माणूस कायमचा खुर्चीत बसतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते घोट्याच्या जर्कने, म्हणजे हातोडी मारल्यावर पाऊल झटकतं त्या रिफ्लेक्सने. रज्जूचा आजार म्हणजे रिफ्लेक्स वाढलेले, हे पाठ करूनच आपण वॉर्डात येतो. पण एचआयव्हीत पायांच्या नसाही बऱ्याचदा खराब असतात. घोट्यावर हातोडी मारली तर काही हलत नाही, रुग्ण तळव्यांची आग सांगतो आणि ‘न्यूरोपॅथी’ (नसांचा आजार) लिहून सगळे पुढच्या खाटेकडे जातात. थांबा, गुडघ्यावर मारा. पाय उसळला आणि तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर गेला, तर नसांबरोबर रज्जूही धरलाय. नुसत्या नसांच्या आजारात अंगठा वर जात नाही. घोटा गप्प असला तरी गुडघा आणि अंगठा बघितल्याशिवाय खाटेपासून हलायचं नाही.

पाय लुळे म्हणून फक्त कमरेचा एमआरआय मागवू नका. रज्जू एल-१, एल-२ (कमरेचा पहिला-दुसरा मणका) इथेच संपतो आणि हा आजार मुख्यतः छातीच्या भागातला. तिथला एमआरआय नॉर्मल आला तरी निदान बाद होत नाही. रिपोर्ट वाचून शिकवणाऱ्या सिनियरपेक्षा रुग्णाला उठवून चालवून बघणारा सिनियर धरा.

व्हॅक्युओलर आठवड्या-महिन्यांनी वाढतो. दोन दिवसांत पाय गेले, पाठ दुखतेय, छातीखाली ठरावीक रेषेपासून बधिर आहे, तर एमआरआय त्याच रात्री.

उपचारांत पहिली एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. काहींची चाल सुधारते, काहींची आहे तिथेच थांबते, आणि थांबणंही थोडं नाही. मेथिओनिन या अमिनो आम्लाकडून आशा होती, चाचणीत फायदा दिसला नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवा: कमजोर पाय कधीकधी त्या ताठरपणावरच उभे असतात, डोस चढला की गुडघे दुमडतात. मूत्राशय सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन लिहिण्याआधी लघवीनंतर मूत्राशयात किती उरतं ते सोनोग्राफीवर मोजून घ्या.