बुडत्या विमान कंपनीचं विलीनीकरण आणि वैमानिकांची ज्येष्ठता यादी : या चुका टाळा

वैमानिकाच्या नोकरीत पगाराच्या आकड्याइतकाच सिनिऑरिटीचा क्रमांक महत्त्वाचा असतो. कॅप्टन कधी व्हायचं, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण कोणाला मिळणार, बेस कोणता, दिवाळीची सुट्टी कोणाला आणि कपात झाली तर आधी घरी कोण जाणार, यातलं बरंच काही त्या क्रमांकावर ठरतं. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक यादी करावी लागते. त्यातली एक कंपनी दिवाळखोरीत असेल, तर तिचे वैमानिक वाटाघाटीला बसतात तेच कमकुवत बाजूने. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या घरांनी जमिनीवर कर्ज काढून मुलामुलींना वैमानिक केलं आहे. त्यांना या वेळी नेमकं काय करायचं आणि काय नाही, हे आधीच माहीत असायला हवं.

थकबाकी आणि ज्येष्ठता एकच समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कंपनीविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली की अंतरिम व्यावसायिक, म्हणजे या काळात कंपनीचा कारभार पाहायला नेमलेला माणूस, जाहीर सूचना काढतो. थकलेल्या पगाराचा दावा कामगार आणि कर्मचाऱ्यांनी 'फॉर्म डी'मध्ये करायचा असतो. सूचनेत साधारण १४ दिवसांची मुदत असते. उशिरा आलेले दावे घेण्याची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. नेमणूकपत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा आणि फ्लाइंग भत्त्याचा महिनावार हिशोब सोबत जोडा. भत्ता वेगळा दाखवला नाही, तर दावा मूळ पगारावरच मंजूर होण्याचा धोका असतो.

या फॉर्ममध्ये ज्येष्ठतेसाठी रकाना नाही. तो दावा पैशांचा आहे. 'फॉर्म डी भरलाय, आता सगळं सुरक्षित' असं समजून लोक थांबतात आणि ज्येष्ठतेचा प्रश्न जिथे मांडायचा, तिथे मांडलाच जात नाही. ती जागा म्हणजे पुनरुज्जीवन योजना, म्हणजे कंपनी कोण घेणार आणि कशी चालवणार याचा आराखडा. तिच्यावर धनको समितीचं, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या समितीचं, मतदान होण्याआधी संघटनेने व्यावसायिकाला आणि बोली लावणाऱ्याला लेखी मसुदा द्यायला हवा : कोणत्या तारखेची यादी ग्राह्य धरायची, काम थांबलं तो काळ सेवेत मोजायचा का, दोन याद्या कोणत्या पद्धतीने जुळवायच्या आणि वाद झाला तर लवाद कोण. व्यवहारी धनकोंची, म्हणजे पगार किंवा बिलं थकलेल्यांची, एकूण येणी कर्जाच्या १० टक्के किंवा जास्त असतील, तर त्यांच्या प्रतिनिधीला समितीच्या बैठकीला बसता येतं. मत मात्र नसतं. योजना एकदा मंजूर झाली की ती सगळ्यांवर बंधनकारक ठरते आणि तिच्यात नसलेले जुने दावे संपतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरं, सोलापूरच्या कामगार न्यायालयात धाव घेऊ नका. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडलेल्या या गावात अशी थकबाकी म्हटली की पहिल्यांदा तोच रस्ता सुचतो. पण दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागली की कंपनीविरुद्ध नवे दावे चालत नाहीत आणि आधीचेही थांबतात. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या ज्या खंडपीठाकडे आहे, तिथेच जावं लागतं. ते खंडपीठ कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरतं, तुमच्या घरच्या पत्त्यावरून नाही.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब मात्र वेगळा लिहून मागा. जेट एअरवेजच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये ही रक्कम पूर्ण द्यायला सांगितली आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं.

विकलं काय जातंय, हे न पाहणं

कंपनी तशीच उभी राहून फक्त मालक बदलत असेल, तर नोकरीचा करार आपोआप संपत नाही. योजनेत कपात लिहिली आहे का, तेवढं बारकाईने वाचा. रीतसर विलीनीकरण असेल, तर आराखड्यात 'सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर' असं वाक्य असतं. त्यावर समाधान मानू नका, कारण ते पगार आणि सेवाकाळ राखतं, यादीतला क्रमांक राखत नाही. आणि समोरची कंपनी फक्त विमानं, स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा) किंवा ब्रँड उचलत असेल, तर तिथे ज्येष्ठता नेण्यासारखं काही उरत नाही. अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा, आदेश हीच कर्मचाऱ्यांना सेवामुक्तीची नोटीस मानली जाते. जेटची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. इतकी वर्षं क्रमांक धरून बसण्यापेक्षा लायसन्स, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि टाइप रेटिंग (ठराविक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) चालू ठेवणं जास्त मोलाचं होतं.

घाईत संरक्षण सोडून देणं

ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स, म्हणजे टीडब्ल्यूए, जानेवारी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि अमेरिकन एअरलाइन्सने तिची मालमत्ता घेतली. वैमानिकांच्या करारात विलीनीकरणाच्या वेळी ज्येष्ठतेचं रक्षण करणारं कलम होतं. ते सोडलं नाही तर न्यायालयाकडून करारच रद्द करून घेऊ, असा दबाव आला आणि त्यांनी ते सोडलं. परिणामी निम्म्याहून जास्त वैमानिक अमेरिकनच्या यादीच्या तळाला जोडले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरचे हल्ले झाले, कपात आली आणि तळाचेच आधी घरी गेले. पुढे आपल्याच संघटनेवर त्यांनी दावा लावला, तो २०१४ मध्ये ५.३ कोटी डॉलरला मिटला. भरपाई मिळाली, क्रमांक परत मिळाला नाही. याच प्रकरणामुळे अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये मॅकॅस्किल-बॉन्ड कायदा आला : याद्या 'न्याय्य आणि समन्यायी' पद्धतीने जुळवा, एकमत नसेल तर लवाद नेमा.

भारतात असा खास कायदा नाही. खासगी कंपन्यांत ज्येष्ठता बहुतेक वेळा कंपनीच्या धोरणात असते. म्हणून 'नंतर बघू' म्हणत कुठल्याही संमतीपत्रावर सही करू नका. सही करावीच लागली, तर 'ज्येष्ठतेचा हक्क राखून' असं हाताने लिहून तारीख टाका आणि झेरॉक्स ठेवा.

रुजू तारीख हाच एकमेव न्याय मानणं

समजा, चालत्या कंपनीत ९०० वैमानिक आहेत, बुडत्या कंपनीत ३००. तुम्ही बुडत्या कंपनीत १५०व्या क्रमांकावर आहात, म्हणजे बरोबर मध्यावर. तुमच्या रुजू तारखेआधी लागलेले २०० जण समोरच्या यादीत आहेत. तारखेने यादी लावली तर तुमचा क्रमांक ३५०. तीनास एक या प्रमाणात लावली तर ६००. तळाला जोडलं तर १०५०. तीन पद्धती, एकच माणूस आणि ७०० क्रमांकांचा फरक.

तारीख ऐकायला सरळ वाटते. पण थबकलेल्या कंपनीत दहा वर्षं फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, राहिलेला आणि वाढत्या कंपनीत पाच वर्षांत कॅप्टन झालेला एकत्र आले, की तारखेमुळे दुसऱ्याची जागा जाते. त्यालाही तो अन्यायच वाटणार, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्यावर बढतीच्या वेगवेगळ्या वेगावरूनच भांडण पेटलं. धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कोणाला, यावरून ५८ दिवसांचा संप झाला.

त्यामुळे मागणी एका शब्दात मांडू नका. प्रत्येक वैमानिकाच्या नावापुढे रुजू तारीख, सध्याचं पद, विमानप्रकार, जन्मतारीख आणि बिनपगारी काळ असा तक्ता करा. जन्मतारीख लोक विसरतात. एका यादीत साठी ओलांडलेले जास्त असतील, तर ६५व्या वर्षी ते निवृत्त होतील आणि त्यांच्यामागचे भराभर वर सरकतील. आजचा क्रमांक आणि पाच वर्षांनंतरचा क्रमांक, दोन्ही मांडा. पूर्ण एकीकरण जड जात असेल, तर ठराविक विमानं किंवा बेस काही वर्षं मूळ गटाकडेच ठेवायची मर्यादा मागता येते. अशा मर्यादेला शेवटची तारीख हवीच.

लवादाचा निवाडा मान्य करून मग नाकारणं

यूएस एअरवेज दिवाळखोरीत असताना २००५ मध्ये अमेरिका वेस्ट या विमान कंपनीशी एक झाली. मे २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी निवाडा दिला : मोठ्या विमानांवरचे यूएस एअरवेजचे पाचशेच्या आसपास ज्येष्ठ वैमानिक सर्वांत वर, बाकी चालू वैमानिक प्रमाणात आणि कामावरून थांबवलेले तळाला. सतरा वर्षांची सेवा असलेला माणूस नुकत्याच लागलेल्याच्या मागे गेला. चीड समजण्यासारखी होती. बहुमत असलेल्या पूर्वेकडच्या, म्हणजे मूळ यूएस एअरवेजच्या, गटाने २००८ मध्ये जुनी संघटना मतदानाने हटवून रुजू तारखेच्या मागणीवर नवी आणली. निवाडा लागू झाला नाही, पण एकत्रित करारही झाला नाही. दोन्ही गट वेगवेगळे उडत राहिले आणि पूर्वेकडचे वैमानिक दिवाळखोरीतल्या कमी पगारावर २०१३ पर्यंत अडकले. शेवटी अमेरिकन एअरलाइन्समधल्या विलीनीकरणानंतर तीन लवादांनी २०१६ मध्ये नवी यादी दिली. तिच्यात सेवाकाळ आणि पद दोन्ही धरले होते.

लवाद मान्य करण्याआधीच त्याला काय ठरवता येईल आणि काय नाही, हे लिहून घ्या. थांबवलेल्यांची बाजू मांडायला वेगळा माणूस ठेवा. मतदानात ते थोडे असतात आणि त्यांचं नुकसान सगळ्यात मोठं असतं.

कागद कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं

कंपनी थांबली की ईमेल बंद होतो, रोस्टरचं अॅप उघडत नाही आणि मनुष्यबळ विभागात फोन उचलायला कोणी नसतं. वाईट बातम्या सुरू होताच प्रसिद्ध झालेली शेवटची ज्येष्ठता यादी तारखेसह डाउनलोड करा. नेमणूकपत्र, कायम झाल्याचं पत्र, अपग्रेडचा आदेश, प्रशिक्षणाच्या नोंदी, बिनपगारी रजेची पत्रं आणि प्रशिक्षण बाँड सोबत घ्या. लॉगबुकच्या नोंदी ई-जीसीएवर (हवाई वाहतूक नियामक डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) मंजूर झाल्या आहेत का ते तपासा, कारण त्या प्रमाणित करणारा अधिकारी कंपनीबरोबरच जातो. बेस दिल्ली-बंगळूरला आणि कागदोपत्री पत्ता सोलापूरचा असेल, तर पोस्टाने आलेली नोटीस कोण घेणार हे घरी सांगून ठेवा. 'घरी नाही' असा शेरा मारून परत गेलेली नोटीसही बजावली गेली, असं मानलं जाऊ शकतं.