फॉर्मल सिमँटिक्स शिकताना या चुका टाळा

फॉर्मल सिमँटिक्स म्हणजे वाक्याचा अर्थ तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडायची पद्धत. ठाण्या-ऐरोलीकडची भाषाविज्ञानाचं एम.ए. करणारी मुलं त्यातल्या शंका घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं की आपलं गणित कच्चं आहे. वह्या पाहिल्या तर गणित फारसं आड येत नाही. सूत्र लिहून झालं की ते एखाद्या प्रसंगाशी ताडून पाहायचं असतं, ही सवयच कुणी लावलेली नसते. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी घेऊ. सकाळची ठाणे-वाशी लोकल आणि वाक्य आहे ‘प्रत्येक डबा भरलेला आहे’. वहीत उतरतं ते असं: ∀क्ष [डबा(क्ष) ∧ भरलेला(क्ष)]. यात ∀क्ष म्हणजे ‘प्रत्येक क्षसाठी’ आणि ∧ म्हणजे ‘आणि’. वाचताना खटकत नाही. पण या सूत्राचं म्हणणं असं की जगातली प्रत्येक वस्तू डबा आहे आणि भरलेलीही आहे. फलाटावरचा इंडिकेटर, तुमची छत्री, तुम्ही स्वतःसुद्धा. हवं ते ∀क्ष [डबा(क्ष) → भरलेला(क्ष)] (→ म्हणजे जर-तर), म्हणजे जे जे डबा असेल ते ते भरलेलं असेल.

उलटी चूक जास्त फसवी. ‘एक तरी डबा रिकामा आहे’ यासाठी ∃क्ष [डबा(क्ष) → रिकामा(क्ष)] लिहिलं जातं (∃क्ष म्हणजे ‘असा एक तरी क्ष आहे’). जर-तरच्या विधानात ‘जर’चा भाग खोटा असला की पूर्ण विधान खरं ठरतं. म्हणजे गाडी खचाखच भरलेली असली, तरी छत्री हा डबा नाही एवढ्या भांडवलावर हे सूत्र खरं! इथे ∧ लागतो.

तपासायला कागदावर तीन डबे आणि एक छत्री एवढंच जग मांडा. वाक्य खरं असलेला एक प्रसंग घ्या, खोटं असलेला एक घ्या, आणि दोन्हीकडे सूत्र काय म्हणतं ते पाहा. पहिली चूक फक्त खऱ्या प्रसंगात सापडते, दुसरी फक्त खोट्यात. एकाच प्रसंगावर भागवलं तर यातली एक हमखास निसटते.

नकार आला की हेच दोनदा करावं लागतं. ‘सगळे प्रवासी उतरले नाहीत’ याचा एक अर्थ काही उतरले, काही आतच राहिले. दुसरा, कुणीच उतरलं नाही. मुलं मनात पहिला आलेला अर्थ लिहून मोकळी होतात. नकार ‘सगळे’च्या बाहेर ठेवून एक सूत्र लिहा, आत ठेवून दुसरं.

टाइप, म्हणजे शब्दाचा अर्थ वस्तू आहे, गुणधर्म आहे की आणखी काही, हे जुळत नाहीत तेव्हा कंस वाढवून चालत नाही. ‘मीनाने प्रत्येक पुस्तक वाचलं’ यात ‘वाचलं’ला कर्म म्हणून ई टाइपची गोष्ट, म्हणजे एखादी व्यक्ती किंवा वस्तू, हवी असते. ‘प्रत्येक पुस्तक’ तशी वस्तू नाही. ते गुणधर्म घेऊन खरं-खोटं सांगणारं फंक्शन आहे. मग एक तर तो पदबंध वाक्यवृक्षात (वाक्याची रचना दाखवणाऱ्या आकृतीत) वर न्यायचा आणि जुन्या जागी क्षसारखा चल ठेवायचा, नाहीतर टाइप बदलण्याचा नियम वापरायचा. काय केलं ते उत्तरात स्पष्ट लिहा. लॅम्डाला (फंक्शन लिहायच्या λ या चिन्हाला) हात लावण्याआधी वृक्षाच्या प्रत्येक गाठीवर टाइप लिहिलेला असेल, तर निम्मे घोटाळे होतच नाहीत.

‘काही मुलं पास झाली’ ऐकलं की ‘सगळी झाली नाहीत’ असं आपण धरतो. ते सूत्रात घालू नका. ‘काही मुलं पास झाली, खरं तर सगळीच झाली’ असं बोलता येतं, विसंगती होत नाही. म्हणजे तो भाग बोलण्यातून निघणारा संकेत आहे. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हाच फरक मांडला.

वाचनाचा क्रमही चुकतो. तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांचा या विषयावरचा १९७३चा गाजलेला निबंध (तो त्यांच्या निधनानंतर छापला गेला) पहिल्याच आठवड्यात उघडून मुलं घाबरतात. आयरीन हाइम आणि अँजेलिका क्राट्झर यांचं १९९८चं पाठ्यपुस्तक आधी घ्या आणि त्यातले स्वाध्याय हाताने सोडवा. नुसतं वाचून हा विषय येत नाही.

प्रकल्पासाठी मराठी वाक्यं गोळा करताना इंग्रजी उदाहरणांचं भाषांतर करू नका. मराठीला आर्टिकल (इंग्रजीतल्या a, the सारखा शब्द) नाही. ‘मुलगा आला’ म्हणजे कुठलातरी की ठरलेला, हे आधी काय बोलणं झालं त्यावर ठरतं, म्हणून ते आधीचं बोलणंही लिहून घ्या. शेजाऱ्यांना ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ असं विचारलं तर ते व्याकरण सुधारून देतात. त्याऐवजी प्रसंग सांगा, जमल्यास चित्र काढा, आणि ‘अशा वेळी हे वाक्य खरं म्हणाल का?’ एवढंच विचारा. घणसोली-कोपरखैरण्यात एकाच जिन्यावर आगरी, मालवणी आणि वऱ्हाडी बोलणारी घरं भेटू शकतात. उत्तराशेजारी घरची बोली नोंदवा, आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही ठेवा.