तानपुऱ्यामागची घरघर: लॅपटॉप की स्ट्रीमर?

विलंबित ख्याल लावला की तानपुऱ्याच्या मागे बारीक घरघर यायची. दोन महिने मी स्पीकरलाच दोष देत बसलो. एका रात्री सहज गाणी वाजवणाऱ्या लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज एकदम स्वच्छ! परत लावला, घरघर हजर. म्हणजे ग्राउंड लूप: जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारं विजेचं वर्तुळ, जे आवाजात घरघर आणतं. चार्जरचा गोंगाट यूएसबीच्या तारेतून डॅकमध्ये (डिजिटल संकेताचा अ‍ॅनालॉग संकेत करणारा डबा) आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत होता.

यूएसबी आयसोलेटरनेही, म्हणजे तारेतला विजेचा थेट संबंध तोडणाऱ्या छोट्या जोडणीनेही, भागलं असतं. पण गाणं ऐकायला दर वेळी लॅपटॉप उघडायचा मला मनापासून कंटाळा आला होता. म्हणून ऑप्टिकल आउटपुटवाला छोटा स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन डॅकला देणारा डबा, घेतला. ऑप्टिकल तारेतून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. लूप तिथेच तुटला.

आणखी एक गोष्ट सापडली. लॅपटॉप सगळं ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) बदलून पाठवत होता, सीडी असते ४४.१ ची. स्ट्रीमर आहे तसं पाठवतो.

लॅपटॉप मात्र टाकला नाही. तो आता आतल्या खोलीत स्ट्रीमरला गाणी पुरवणारा सर्व्हर आहे: सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फाइलचा प्रकार) उतरवणं, राग-गायकाची नावं नीट भरणं, ही कामं संगणकावरच बरी होतात. काल पहाटे ललत लावला. दोन स्वरांमधली शांतता पहिल्यांदा ऐकू आली.