अंतःस्रावी ग्रंथी : समजण्यातल्या आणि बोलण्यातल्या या चुका टाळा

ज्या ग्रंथींना स्राव वाहून नेणारी नळी नसते आणि ज्या आपला स्राव, म्हणजेच संप्रेरक किंवा हार्मोन, थेट रक्तात सोडतात, त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, गळ्यातील थायरॉइड, तिच्या मागच्या बाजूच्या परावटू, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी, स्त्रियांचे बीजांडकोश आणि पुरुषांची वृषणे या त्यांतल्या प्रमुख होत. लाळ आणि घाम यांच्या ग्रंथींना नळी असल्यामुळे त्या या गटात बसत नाहीत. स्वादुपिंड मात्र दोन्हीकडे मोडते, कारण ते पाचकरस नळीवाटे आतड्यात आणि इन्सुलिन रक्तात सोडते. (‘स्राव’ या शब्दात ‘त’ नाही, ‘अंतःस्त्रावी’ हे छापील मजकुरातही सर्रास दिसणारे रूप अशुद्ध आहे.)

मान, काख किंवा जांघेत गाठ आली की ‘ग्रंथी सुजली’ असे म्हणतात. ती बहुधा लसीकाग्रंथी, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढणारी गाठ, असते आणि ती हार्मोन तयार करत नाही. तिच्यासाठी हार्मोनच्या तपासण्या करून खर्च वाढवू नये. दोन-तीन आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

‘मला थायरॉइड आहे’

थायरॉइड प्रत्येकालाच असते. ते आजाराचे नव्हे, अवयवाचे नाव आहे. ग्रंथीचे काम कमी पडते आहे की गरजेपेक्षा जास्त होते आहे, हे सांगितल्याशिवाय या वाक्यातून काहीच कळत नाही, आणि दोन्हींवरचे उपचार एकमेकांच्या उलट असतात. रिपोर्ट वाचतानाची चूक याहून महागात पडते. टीएसएच हे हार्मोन थायरॉइडचे नसून पीयूषिकेचे आहे. थायरॉइड मंदावली की तिला कामाला लावण्यासाठी पीयूषिका ते अधिक प्रमाणात सोडते. म्हणून टीएसएच वाढलेले असणे याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉइड कमी काम करते आहे असा होतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘थायरॉइड वाढला’ अशी समजूत करून घेऊन काही घरांत चालू गोळी परस्पर बंद केली जाते.

थायरॉइड कमी काम करते तेव्हा दिली जाणारी ही गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा ते एक तास आधी घ्यावी. गरोदरपणात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या थायरॉइडच्या गोळीबरोबर एकदमच घेतल्या, तर ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे दोहोंत चार तासांचे अंतर हवे. डोस बदलल्यानंतर आठच दिवसांनी पुन्हा रक्त तपासून काही हाती लागत नाही, कारण टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.

‘पिशवी काढली’

मराठवाड्यात या विषयावर लिहिताना ही चूक टाळून पुढे जाता येणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या २०१९च्या सर्वेक्षणात ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले होते. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याच्या दृष्टीने मात्र त्याच्या दोन्ही बाजूंचे बीजांडकोश अधिक महत्त्वाचे ठरतात, कारण इस्ट्रोजेन तिथे तयार होते. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण हार्मोन चालू राहते, जरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येण्याची शक्यता असली तरी. बीजांडकोशही काढले, तर तिशीतल्या बाईला रजोनिवृत्ती एकाएकी येते : अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा बाईची कंबरदुखी ‘मोळ्या उचलून होतेच’ म्हणून सोडून दिली जाते, ही माझ्या मते या यादीतली सर्वांत अन्यायाची चूक आहे. डॉक्टरांसमोर ‘पिशवी काढली’ एवढेच सांगून थांबू नये. बीजांडकोश ठेवले की काढले, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. कार्ड हरवले असल्यास सोनोग्राफीवरून अंदाज घेता येतो, आणि काढलेले असल्यास हार्मोनचे उपचार व हाडांची तपासणी यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

गुडघेदुखीच्या पुड्या

नाव-घटक न छापलेल्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. ते काही आठवडे पोटात जात राहिले, की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातले नैसर्गिक स्टिरॉइड, तयार करणे कमी करतात. पुढे पुडी अचानक बंद केली आणि त्यातच ताप किंवा जुलाब झाले, तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकते. अशी पुडी चालू असेल तर ती एकाएकी सोडू नये आणि लपवूही नये. रिकामे पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, म्हणजे औषध टप्प्याटप्प्याने कमी करता येते.